ताईच्या सुट्ट्या

सणाच्या दिवशी ताई घरात सापडली, असं मला आठवत नाही. एरवी ती चारचौघींसारखी होती. कल्याणला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत वेळेवर जायची, संध्याकाळी आईला भाजी निवडून द्यायची, रेडिओवरच्या बातम्या ऐकायची आणि लवकर झोपायची. पण धुळवड, पाडवा, रामनवमी, एक मे आणि उन्हाळ्यातला झाडून प्रत्येक रविवार, म्हणजे कॅलेंडरवर जे जे लाल, ते ते तिचं नव्हतं आणि म्हणून आमचंही नव्हतं. दाराला तोरण लागायच्या आत ती खांद्याला शबनम अडकवून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, शहाडच्या पुढे उल्हास नदीवर जो बंधारा आहे तिकडे निघालेली असायची. आई डब्यात पुरणपोळी घालून द्यायची आणि दर वेळी म्हणायची, "सण तिकडेच करणार तू. आंघोळ तरी घरी केलीस, हे काय कमी!"

ताई माझ्याहून बरीच मोठी. अभियांत्रिकीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती असं अण्णा, म्हणजे आमचे वडील, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी पुढे डोंबिवलीला एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. हे कुणी कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आता ताईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी कल्याणला गेले की कुणी ना कुणी भेटतं. "तुम्ही बाईंच्या बहीण ना? काय माणूस होतं हो!" असं म्हणून तिच्याबद्दल मला सांगू लागतं. मला, तिच्या सख्ख्या बहिणीला. मी हसून ऐकते, पण माझ्या पोटात अजूनही दुखतं. तिच्या आठवणी लोकांकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत, आणि बहुतेक सगळ्या सुट्टीच्या दिवसांच्या आहेत.

अण्णा ठाकुर्लीच्या वीजघरात नोकरीला होते. रात्रपाळी, दिवसपाळी, सगळ्या पाळ्या त्यांनी केल्या. सणाच्या दिवशी ते कामावरून आले की पाटावर बसता बसता एक वाक्य ठरलेलं असायचं : "आज काय, भार उतरलाय. गिरण्या बंद, कारखाने बंद, वीज हवी कुणाला?" हे वाक्य आम्ही दोघींनी एकाच पंगतीत, एकाच वरणभाताबरोबर ऐकलं. मी ते ऐकलं आणि विसरले. ताईने ते डोक्यात कुठेतरी ठेवून दिलं आणि मोठी झाल्यावर त्यातून नदी बाहेर काढली. यावर मी पुष्कळ विचार केलेला आहे. देवाने दोघींना सारखंच वाढलं होतं, आणि माझ्या ताटातलं मी तसंच ठेवून उठले.

झालं होतं असं. उल्हास नदीला उन्हाळ्यात जे पाणी असतं, ते बरंचसं वरच्या डोंगरातल्या वीजघरांतून सुटलेलं असतं. वीज तयार झाली की तिथली चाकं फिरवून सुटलेलं पाणी नदीत येतं. मग शहरं आणि कारखाने बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंप लावून ते उचलतात. कुणी किती उचलायचं हे बघणं ताईच्या कामात होतं. उचलून उरलेलं पाणी बंधाऱ्यावरून खाली उतरतं आणि पुढे खाडीला मिळतं. खाडीतला मासा त्या गोड्या पाण्याच्या आशेने बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत येतो, उन्हाळाभर तिथल्या डोहांत राहतो आणि पाऊस लागला की अंडी घालतो. ऐंशीच्या दशकात मात्र दर उन्हाळ्यात तिथे मासा मरून वर यायचा, आणि तोही नेमका सणाला किंवा सणाच्या दुसऱ्या दिवशी.

त्यावर ज्याचं त्याचं एक कारण होतं. खाडीकाठच्या कोळीवाड्यात म्हणत, सणाला जाळं टाकलं म्हणून देवी कोपली. त्यांनी सणाला जाळी टाकणं बंद केलं, नारळ वाहिले. मासा मरतच राहिला. ताईच्या कचेरीत म्हणत, सुट्टीच्या दिवशी कुणी बघायला नसतं म्हणून कारखाने घाण सोडतात. नगरपालिकेत म्हणत, लोक धुळवडीचे रंग नदीत धुतात. मग पाडव्याला कुठले रंग, हे कुणी विचारलं नाही. ताई एका उन्हाळ्यात सगळ्या सुट्ट्यांना बंधाऱ्यावर जाऊन बसली. खांबावर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी रंगवलेली होती, तिच्याकडे बघत राहिली. आणि एका संध्याकाळी घरी येऊन अण्णांना म्हणाली, "अण्णा, भार उतरला की पाणीही उतरतं हो!"

सुट्टीला वीज कमी लागते, म्हणून वरून पाणी कमी सुटतं. आणि त्याच दिवशी गावात सगळे घरी असतात, चादरी धुतात, पाहुणे जेवतात. कारखाने बंद असतात, म्हणून त्यांच्या मोठ्या टाक्या भरून घ्यायलाही तोच दिवस सोयीचा. येणारं कमी आणि उचलणं जास्त. दुपारपर्यंत बंधाऱ्यावरून थेंब उतरत नसे. खालचे डोह तापत आणि मासा गुदमरून वर येई. महिन्याचा हिशेब केला की सगळं बरोबर यायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताई म्हणायची, "महिन्याची सरासरी माशांना कुठे कळते? त्यांना रविवार तेवढा कळतो."

अण्णांना तेव्हा झालेला आनंद मी पाहिला आहे. ते जेवणावरून उठले आणि उष्ट्या हाताने खोलीभर फिरले. "पोरीने माझ्या नोकरीचं सोनं केलं," असं म्हणाले. मी तेव्हा माहेरपणाला आले होते आणि लसूण सोलत होते.

यानंतर ताईने एकच गोष्ट लावून धरली. धुळवडीपासून पाऊस लागेपर्यंत, प्रत्येक सुट्टीला, प्रत्येकाने आपला एक पंप बंद ठेवायचा आणि तेवढं पाणी नदीत राहू द्यायचं. बैठकांमधून ती काय बोलली हे ती घरी साग्रसंगीत करून दाखवायची, समोरच्या माणसाच्या आवाजासकट. एका बैठकीत कारखानदारांतर्फे आलेला गृहस्थ म्हणाला, "मॅडम, आमचं भागल्यावर जे उरेल, ते सगळं नदीचंच आहे की!" त्यावर ताई म्हणाली, "तुमच्या घरी नैवेद्य उरलेल्यातून दाखवतात का?" "नदीचं आधी बाजूला काढायचं," ती म्हणे, "मग पंगत बसवायची." हे वाक्य पुढे तिच्या खात्यात इतकं चाललं, की ती आली की शिपाईसुद्धा म्हणायचा, "आल्या, नैवेद्यवाल्या बाई आल्या."

तापमान वाढतंय, ऋतू बदलताहेत, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. तेव्हा ती विलायती मासिकांतली गोष्ट होती. नव्वदच्या आसपास आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अशी दोनतीन मासिकं यायची. त्यातले लेख मी खूण घालून ताईसाठी बाजूला ठेवायची आणि शनिवारी कल्याणला नेऊन द्यायची. ती ते अधाशासारखी वाचायची. "बेबी, हे बघ," ती मला म्हणायची (मला घरात बेबी म्हणत), "उन्हाळा लांबणार आहे. आपण पाणी राखतो ते मे संपेपर्यंत पुरेल एवढंच. जून कुणी धरतच नाही." बैठकीत एक साहेब तिला म्हणाले, "बाई, पाऊस सात जूनला येतो." ताई म्हणाली, "पावसाने तुम्हाला तसं लिहून दिलंय का?" आणि मग आपल्या म्हणण्याला आधार म्हणून तिने काय सांगावं? "आमची चंद्री म्हणते, चिवणी हल्ली उशिरा चढते." चिवणी म्हणजे पहिल्या पाण्याला खाडीतून वर येणारा मासा. मासिकं मी दिली, खुणा मी घातल्या, आणि बैठकीत नाव निघालं ते चंद्रीचं.

ही चंद्री कोण, ते सांगायला हवं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, ताईच्याच वयाची, नवरा लवकर गेलेला, दिराबरोबर होडीवर जाणारी बाई. भरती चढते तिथवर त्यांची होडी यायची, म्हणजे बंधाऱ्याच्या थोडं खालपर्यंत. ताई पहिल्यांदा बंधाऱ्यावर बसायला लागली तेव्हा चंद्रीने तिला हटकलं, "काय गो बाय, नवऱ्याशी भांडून आलीस का? सन सोरून हितं काय करतेस?" ताई म्हणाली, "नवराच नाही." चंद्री म्हणाली, "मग माझ्यासारखीच की," आणि शेजारी बसली. त्या दिवसापासून ताईच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या झाल्या.

हे मी ऐकून होते. पाहिलं ते एका पाडव्याला. ताई डबा विसरून गेली, म्हणून आईने मला डबा देऊन पाठवलं. बंधाऱ्याखाली खडकावर दोघी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. मध्ये केळीच्या पानावर तळलेली बोय मासळी होती आणि आमची ताई, आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली ताई, बोटं चाटत होती. मला पाहून ती दचकली नाही. "बस गं," म्हणाली, "काटा बघून खा." मला माशाचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते तिच्या हसण्याचं. चंद्री काहीतरी सांगत होती, तिच्या दिराने नगरपालिकेच्या साहेबाला होडीतून नेताना कसा चिखलात उतरवला ते, आणि ताई मान मागे टाकून हसत होती. घरी ती कधी एवढी हसली नव्हती. घरी ती हसायची ते ओठ मिटून, चष्मा सावरत.

चंद्रीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तुजी धाकली? तोंड तुझ्यासारखा नाय गो. हिचा तोंड पुस्तकासारखा हाय, मिटलेला." ताई पुन्हा हसली. मी डबा ठेवला आणि परत निघाले. मागून ताई म्हणाली, "आईला हवं तर सांग, मी काही लपवत नाही." मी सांगितलं नाही. माशाचं सांगता आलं असतं, हसण्याचं काय सांगणार?

शेवटी ताईच्या मागणीला खात्याने एक उन्हाळा दिला. एकच, चाचणी म्हणून. अट अशी, की धुळवडीपासून पाऊस लागेपर्यंत एकाही सुट्टीला खंड पडता कामा नये. एकदा जरी पंप चालू करावा लागला, तर ही योजना लोकांना सोसत नाही असं समजून कागद मिटवायचा. शहरांतून ओरड होणार हे ठरलेलंच होतं. झालीही. डोंबिवलीत आमच्या इमारतीत सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यांना पाणी चढेना. नेमकं त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलाच्या मुंजीचा मुहूर्त निघाला, आणि तो मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी.

आम्हाला भाऊ नाही. मुंजीत मामाचा मान ताईने घ्यायचा, मुलाला हाताला धरून मांडवात तिने आणायचं, असं तो जन्मला तेव्हापासून ठरलेलं होतं. मी कल्याणला गेले आणि ताईला म्हणाले, "मुहूर्त त्या दिवशीचा निघालाय. पाहुणे येणार. तेवढा एक दिवस पंप चालू ठेवा."

"नाही ठेवता येणार."

"एक दिवस, ताई. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी ठेवला, की पुढच्या सुट्टीला कुणाचं लग्न असेल त्याला काय सांगू? की बाईंच्या भाच्याची मुंज होती, तुमचं लग्न काय मोठं?"

"बरं, पाणी राहू दे. तू तर येशील?"

ती उठून कॅलेंडरपाशी गेली. मग म्हणाली, "मी तिथे नसले तर ते बटण दाबतील गं. पंपघरातल्या माणसांना वरून फोन येतात. मी समोर बसलेली असले तर त्यांना नाही म्हणता येतं."

"म्हणजे येणार नाहीस."

"संध्याकाळी येईन."

मी चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात अण्णा भेटले. म्हणाले, "ताईला समजून घे. तिचं सगळं त्या दिवसांवर आहे." मी म्हणाले, "अण्णा, माझंही एखाद्या दिवसावर असू शकतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे त्यांना पहिल्यांदाच सुचत होतं.

मुंजीच्या दिवशी सकाळी निम्म्या पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या आणि टाकी संपली. आमच्या ह्यांनी टँकर सांगून ठेवला होता. तो ज्या नळावर भरायचा तो नळही त्या दिवशी कोरडा. मागच्या बंगल्यातल्या विहिरीवरून चुलत दीर बादल्या आणत होते. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातून उतरता उतरता म्हणाले, "काय वहिनी, मासे पिऊन झाले का पोटभर? मग आम्ही तोंड धुवावं म्हणतो." सगळे हसले. मीही हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाण्याचं असू दे. मामाचा मान कोण घेणार, ते आधी सांग."

आणि तेवढ्यात दारात चंद्री उभी. हिरवंगार लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं. हातात परात, परातीत मुलाचे कपडे, नारळ आणि पेढे. "मना ताईनी धाडलंय," ती म्हणाली. "तिचा मान मी करीन. ती बोलली, माझ्या जाग्यावर दुसरा कोन चालनार नाय."

हे शेवटचं वाक्य तिने भोळेपणाने सांगितलं. माझ्या मात्र ते हाडात गेलं. मी माझ्याच घराच्या दारात, नऊवारी नेसून, यजमानीण म्हणून उभी होते, आणि ताईच्या जागी चालेल अशी बाई ताईला खाडीवर सापडली होती. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "कसला वास येतोय गं?" त्या मला म्हणाल्या, पण तिला ऐकू जाईल अशा. चंद्री म्हणाली, "अबोलीला वास नसतो आजी. न् मासली मी उद्या आननार हाय. आजचा वास तुमच्याच मांडवाचा."

मग आमची आई पुढे आली. आयुष्यभर कुणाच्या हातचं पाणी न प्यालेली बाई. तिने चंद्रीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "ज्याचा मान त्याने पाठवलाय, आपण अडवणारे कोण? या चंद्राबाई." आणि माझ्या मुलाला हाताला धरून चंद्रीने मांडवात आणलं. फोटोत ती आहे. ठळक आली आहे. मी तिच्या मागे आहे, माझा अर्धा चेहरा तिच्या अंबाड्याआड गेला आहे.

बंधाऱ्यावर त्या दिवशी काय झालं ते मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. ताई पंपघराच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. दुपारी जीपमधून कुणी आले. पंपावरचा माणूस गयावया करत म्हणाला, "मॅडम, वरून फोन आलाय." ताई म्हणाली, "वरून फोन आला. वरून पाणी आलं का? नाही ना? मग तुम्हीही बसा." ते तासभर बसले, तिच्याच डब्यातलं खाल्लं आणि गेले. पंप बंदच राहिला.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. तोंड उन्हाने रापलेलं, पातळाचा काठ चिखलाने भरलेला. मी तिला ताट वाढलं.

"कशी झाली मुंज?"

"तू पाठवलेली बाई छान होती," मी म्हणाले.

"हो ना?" ती खूश होऊन म्हणाली. "मला वाटलंच होतं, तुला आवडेल." आणि जिलबी खाऊ लागली. माझ्या बोलण्यात काय होतं ते तिला समजलं नाही. पाण्यातलं तिला सगळं समजायचं.

त्या वर्षी पाऊस खरंच रेंगाळला. जून सरत आला तरी आभाळ कोरडं. पण बंधाऱ्याखालचे डोह शेवटपर्यंत जिवंत राहिले, आणि पहिल्या सरीला चिवणी वर चढली. चंद्रीने टोपलीभर आणून ताईला दाखवली. योजना नेमाने सुरू झाली. लोकांनी तिला 'बाईंची बंदी' असं नाव ठेवलं, आधी शिवी म्हणून आणि मग सवयीने. पुढच्या वर्षांत आमच्या इमारतीत सगळे आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवू लागले. वरच्या मजल्यावरचे काका नव्या भाडेकरूंना समजावून सांगू लागले, की उद्या रामनवमी, उद्या नदीचा दिवस. सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा, जसं काही हे त्यांनीच सुरू केलं होतं.

ताई आजारी पडली तेव्हा अण्णा गेलेले होते आणि आईला होत नव्हतं. मी तिला डोंबिवलीला माझ्या घरी आणलं. आजार पोटातला होता आणि उशिरा कळला होता. मी रजा काढली. तिला भेटायला माणसं येत. खात्यातली, कोळीवाड्यातली, एकदा तर तो नैवेद्याचा गृहस्थही आला. चंद्री दर दोन दिवसांनी यायची, पेज घेऊन, आणि ताई माझ्या हातची नको म्हणायची ती पेज तिच्या हातून घ्यायची. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची.

धुळवडीच्या दिवशी सकाळी बाहेर पोरांचा दंगा चालू होता. ताईने डोळे उघडले. "आज काय आहे?"

"धुळवड."

ती कोपरावर उठायला लागली. तिला उठता येत नव्हतं, तरी. "अगं, पहिलीच सुट्टी आहे. या वर्षी साहेब नवीन आलाय. कुणी समोर नसलं तर..."

"चंद्री बसली आहे," मी म्हणाले. "पहाटेच निरोप आलाय तिच्या दिराचा. पंपघरासमोर चटई टाकून बसली आहे. म्हणाली, ताईला सांग, मी हलनार नाय."

ताईने डोकं पुन्हा उशीवर ठेवलं. तिचा सगळा चेहरा सैल झाला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, चष्म्याशिवाय, आणि म्हणाली, "मग आज मला काही काम नाही."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ताई सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ होती. मी तिचे केस विंचरले. मोसंबीचा रस दिला. तिने विचारलं, "बेबी, तुझ्या लायब्ररीत लोक काय वाचतात गं?" हे तिने मला कधीच विचारलं नव्हतं. मी सांगत राहिले. कुठल्या मुली कथा नेतात, कोण पुस्तकात मोरपिसं विसरतं, एक म्हातारे प्राध्यापक तेच एक पुस्तक दर वर्षी कसं नेतात आणि दर वर्षी ते नवीन आहे असं कसं म्हणतात. ती हसली, आणि ओठ मिटून नव्हे. दुपार कधी झाली कळलं नाही. तिचा डोळा लागला, मग उघडला, मग "त्या प्राध्यापकांचं पुन्हा सांग" म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. उन्हं कलली तेव्हा तिचा श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला. तिचा हात माझ्या हातात होता.

दिवेलागणीला चंद्री आली. बंधाऱ्यावरून थेट आली होती. पायांना चिखल होता, लुगड्यावर कुणीतरी टाकलेला गुलाल होता. दारातच तिला कळलं. ती भिंतीला धरून खाली बसली. मोठ्याने रडली नाही. मग तिने विचारलं, "सगला दिवस तुझ्याजवल व्हती?"

"हो."

"बोलत व्हती?"

"हो. हसलीसुद्धा."

चंद्रीने पदराने तोंड पुसलं. "मी तिकरं पंपाला टकमक बघत बसलेली, न् ती हितं तुझ्याशी हसत व्हती," ती म्हणाली. "तुझ्यावर जीव जलतो गो माझा. काय नशीब काढलंस!"

चंद्री तिथे बसली नसती, तर ताई घटकाभरही माझ्याजवळ स्वस्थ पडली नसती. तो दिवस चंद्रीने मला दिला होता, आणि स्वतःचा देऊन टाकला होता. हे मला त्याच क्षणी, ती बोलत असतानाच समजत होतं. मी उठून तिला पाण्याचा तांब्या दिला, तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. ताई आमच्या दोघींच्या समोर होती. आणि तरी, तिचं ते वाक्य ऐकून मला जे बरं वाटलं, ते काही केल्या कमी होईना.